काकांच्या वह्या रद्दीत घालू नका

शेजारचे काका गेल्याची बातमी ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली, तेव्हा इथे इंग्लंडात रेडिंगला पहाटेचे सहा वाजत होते. भराभर जोडलेले हात येत गेले. मग कुणीतरी लिहिलं, 'आकाशवाणीत निवेदक होते.' निवेदक नव्हते ते. मुंबई केंद्रावर कार्यक्रम अधिकारी होते, निवृत्त होईपर्यंत. त्यांचा आवाज रेडिओवर कधीच आला नाही, त्यामुळे ते नेमकं काय करायचे हे शेजाऱ्यांनाही धड सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर वाद सुरू झाला. एकाचं म्हणणं, चौकाला नाव द्यावं. दुसऱ्याचं म्हणणं, रेडिओ आता ऐकतं कोण, मराठी माणसाला त्याची पर्वा नाही, सरकारनं त्यावर पैसा का घालावा. या सगळ्यात काकूंचा एक साधा मेसेज होता. इमारत पुनर्विकासाला जाते आहे, दिवाळीआधी घर रिकामं करायचंय, माळ्यावर यांच्या वह्या आहेत, कुणाला हव्यात का? त्याला कुणीच उत्तर दिलं नाही. मला बोलायचंय ते त्या मेसेजबद्दल.

त्या वह्या मी पाहिल्या आहेत. सातवीत असताना मी त्यांच्याकडे गणित शिकायला जायचे. काका जेवणाच्या टेबलावर क्यू शीटचा, म्हणजे काय कधी वाजवायचं त्या यादीचा, कच्चा खर्डा घेऊन बसलेले असायचे. डावीकडे वेळ, मग गाण्याचा पहिला शब्द, गायक, टेपचा क्रमांक, शेवटी मिनिटं आणि सेकंद. शेजारी स्टॉपवॉच. एकदा मी विचारलं, ही दुसरी, बारीक वही कसली? म्हणाले, 'ही दोन मिनिटांची.' दिल्लीहून सहक्षेपित होणाऱ्या बातम्या ठरल्या सेकंदाला सुरू होतात. त्याआधीचं भाषण कधी लवकर संपतं, दीड-दोन मिनिटांची फट राहते. तिथे फिलर लागतो. बरेच जण हाताला येईल ती सतारीची टेप लावायचे आणि बातम्या आल्या की मध्येच तोडायचे. काकांनी मात्र नेमक्या दीड, पावणेदोन, दोन मिनिटांत पूर्ण होणारे तुकडे वर्षानुवर्षं शोधून लिहून ठेवले होते. सनईचे, जलतरंगाचे, व्हायोलिनचे. प्रत्येकापुढे शेरा: 'सकाळी नको', 'श्रद्धांजलीनंतर चालेल', 'शेवटची तान पूर्ण होऊ द्यावी'. ते दोन मिनिटांचं संगीत कुणी फर्माईश करून मागितलं नव्हतं आणि कुणी त्याबद्दल पत्रही पाठवणार नव्हतं.

'आपली आवड' या फर्माईशी गाण्यांच्या कार्यक्रमाची पोस्टकार्डं यायची तेव्हाही ते आधी गावाचं नाव वाचायचे, मग गाणं. वडील वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात होते, कामगारांसाठीचा 'कामगार सभा' हा कार्यक्रम आमच्याकडे चुकायचा नाही. काका त्यांना विचारायचे, शिफ्ट सुटल्यावर घरी पोचायला किती वेळ लागतो हो? तेव्हा मला ती शेजाऱ्यांची चौकशी वाटायची. श्रोता नेमक्या कुठल्या मिनिटाला रेडिओजवळ येतो, हे ते विचारत होते, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आवाज लक्षात राहतो. २० फेब्रुवारी २०२४ ला रेडिओ निवेदक अमीन सयानी गेले तेव्हा इथल्या भारतीय दुकानातसुद्धा लोक हळहळले, आणि ते योग्यच होतं. पण कार्यक्रम आखणारा माणूस विस्मरणात जातो. गीतरामायण म्हटलं की गदिमा आणि बाबूजी ही नावं शाळेतलं पोरही सांगेल. पुणे आकाशवाणीवर ते व्हावं म्हणून गदिमांमागे लागणारे, वर्षभराची जागा राखून ठेवणारे सीताकांत लाड किती जणांना आठवतात? १ एप्रिल १९५५, रामनवमीला ते सुरू झालं. वर्षात अधिक महिना आला म्हणून गाणी बावन्नाची छप्पन्न झाली. दर आठवड्याला नवं गीत लिहून, चाल लावून, ध्वनिमुद्रित होऊन वेळेवर प्रसारित होणं, यामागे कुणाचं तरी वेळापत्रक होतं. ते वेळापत्रक हीसुद्धा निर्मिती आहे असं मी मानते.

आता इथलं सांगते. माझ्या घरापासून बसनं थोड्या अंतरावर कॅव्हरशॅमला बीबीसीचं लिखित अभिलेखागार आहे. तिथे कार्यक्रमांच्या फायली, पत्रव्यवहार, आणि रोज प्रत्यक्ष काय प्रसारित झालं याच्या नोंदी जपल्या आहेत. छापलेलं वेळापत्रक वेगळं आणि हे वेगळं, कारण ऐन वेळी बदल होतातच. शिवाय १९२३ पासून २००९ पर्यंतची साप्ताहिक वेळापत्रकं २०१४ साली त्यांनी इंटरनेटवर खुली केली. कुठल्या मंगळवारी साडेसात वाजता काय होतं, हे मी स्वयंपाकघरात उभी राहून शोधू शकते.

इथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. बीबीसीनंही टेपा पुसून पुन्हा वापरल्या, साठच्या दशकातल्या कित्येक मालिकांचे भाग कायमचे गेले. लायसन्स फीवरून, म्हणजे बीबीसीसाठी घराघरातून घेतल्या जाणाऱ्या पैशावरून, इथे सतत भांडण चालतं, आणि बीबीसी ज्यावर चालते ती सनद २०२७ अखेर संपते आहे म्हणून ते वाढतच जाणार. मार्च २०१० मध्ये सिक्स म्युझिक आणि एशियन नेटवर्क या बीबीसीच्या दोन्ही रेडिओ वाहिन्या बंद करायचा प्रस्ताव आला होता. श्रोते उठले, पत्रं गेली, निदर्शनं झाली, आणि शेवटी दोन्ही वाचल्या. मीही पत्र लिहिलं होतं. पैसे भरणाऱ्याला आपण मालक आहोत असं वाटतं, हे मी इथे शिकले. आपल्याकडेही रेडिओचं लायसन्स होतं, पोस्टात जाऊन पैसे भरायचे. १९८५ ला ते रद्द झालं. तेव्हा आम्हाला आनंदच झाला. आज वाटतं, त्याबरोबर 'हे माझं आहे' ही भावनाही थोडी गेली.

मात्र मराठी माणसाला रेडिओची पर्वा नाही, हे ग्रुपवरचं वाक्य मला मान्य नाही. जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करायचा निर्णय झाला तेव्हा लोकांनी आवाज उठवला आणि तो थांबला. म्हणजे चालू असलेली गोष्ट हातची जाते आहे असं दिसलं तर आपण उठतो. कागद जातात तेव्हा मात्र आपल्याला पत्ता लागत नाही. टेपेवर गाणं राहिलंही असेल. पण ते कुठल्या गाण्यानंतर, कुणासाठी, का लावलं, हे फक्त या वह्यांत आहे. चौकाला नाव देऊन यातलं काही वाचणार नाही.

ज्या गावात १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं, त्या ठाण्यात या वह्यांना एक कपाट मिळू नये? संग्रहालयाला मी पत्र लिहिलं आहे. घेतील की नाही, ठाऊक नाही. नाही घेतल्या तर भाऊ पाचपाखाडीला त्याच्या घरी ठेवेल आणि एकेक पान फोटो काढून मला पाठवेल. जे कुणी आकाशवाणीत काम केलेल्या घरांतले असतील, त्यांनी आपापल्या माळ्यावर एकदा बघावं, एवढी विनंती.

परवा रात्री काकूंना फोन केला. म्हणाल्या, 'सत्तावीस निघाल्या बघ. शिवाय एक खोका सुट्या कागदांचा. धूळ फार आहे, पुसून नीट लावून ठेवू का?'

म्हटलं, 'काकू, धूळ पुसा. पण लावू नका. काकांनी ज्या क्रमानं ठेवल्यात, तशाच राहू द्या.'