खर्चाला मर्यादा घालू द्यायला काय धाड भरलीय?

डोकं फिरलंय माझं. साधं वेब ॲप आहे. एक बॅकएंड, एक पोस्टग्रेस डेटाबेस, लोकांनी टाकलेले थोडे फोटो. लिहून झालं, टेस्टिंग झालं, आणि ते कुठल्या क्लाउडवर, म्हणजे कुठल्या कंपनीच्या भाड्याच्या सर्व्हरवर चढवायचं, यावर तीन आठवडे गेलेत.

फाइली ठेवायच्या तर ॲमेझॉनकडे एसथ्री, गूगलकडे क्लाउड स्टोरेज, मायक्रोसॉफ्टकडे ब्लॉब स्टोरेज. काम एकच. बरं, पाठ केलेली नावं तरी टिकावीत! मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचं नाव ॲझ्युअर; त्यातल्या लॉगिन सांभाळणाऱ्या ॲझ्युअर ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं २०२३ मध्ये एंट्रा आयडी करून टाकलं. शिकायला हिरोकू या ॲप चढवायच्या सेवेचा फुकट प्लॅन होता, तोही नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद.

पण नावांचं एक वेळ सोडा. खर्चाचा अंदाज देणारा त्यांचा कॅल्क्युलेटर उघडला की प्रश्न सुरू: महिन्याला किती जीबी डेटा बाहेर जाणार? रिक्वेस्ट किती लाख? अरे, अजून एकही युजर नाही, मी कुठून सांगू? मग मनाला येईल तो आकडा टाकायचा आणि त्याच्या जोरावर तीन कंपन्या तोलायच्या. त्यातही आपण बघत बसतो सर्व्हरचा तासाचा दर, आणि खिसा कापला जातो भलतीकडेच. डेटा आत न्यायला फुकट, बाहेर काढायला मीटर. ॲमेझॉनवर महिन्याचे पहिले १०० जीबी सोडले की अमेरिकेतल्या रीजनमध्ये जीबीमागे ९ सेंट. फेब्रुवारी २०२४ पासून पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याचेही, म्हणजे इंटरनेटवर सर्व्हर सापडायला लागणाऱ्या नंबराचेही, तासाला अर्धा सेंट. म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर, नुसता पत्ता असण्याचे!

मी एकदा चांगलाच पोळलोय, म्हणून एवढा जीव तुटतो. कंपनीचं नाव घेत नाही. ट्युटोरियल बघून सर्व्हर प्रायव्हेट सबनेटमध्ये, म्हणजे बाहेरून थेट पोचता येत नाही अशा नेटवर्कमध्ये टाकला, त्याला अपडेट मिळावेत म्हणून नॅट गेटवे, म्हणजे आतून इंटरनेटवर जायची वाट, लावला. पुढे प्रयोग गुंडाळला, सर्व्हर डिलीट केला, गेटवे राहून गेला. महिनाभर त्यातून काहीही गेलं नाही, तरी तो तासातासाने पैसे खात होता. बिलात सगळ्यात मोठी ओळ त्याचीच. आणि बजेट अलर्ट? लावला होता की! मेल आला तोवर आकडा ओलांडून गेला होता. तो मेल फक्त कळवतो, बंद काहीच करत नाही.

ठरलेला आकडा गाठला की सगळं बंद करा म्हटलं, तर म्हणे चालू सेवा मध्येच तोडणं ग्राहकाला परवडत नाही. मोठ्या कंपन्यांना नसेल परवडत. मला परवडतं! माझं ॲप दोन दिवस बंद राहिलं तरी चालेल, पण ते ठरवायचा हक्क मला द्या. ॲझ्युअरच्या फुकट क्रेडिटवाल्या खात्याला खर्चाची मर्यादा असते, क्रेडिट संपलं की सेवा थांबतात. म्हणजे थांबवता येतं. मग पैसे भरून वापरायला लागलो की तीच मर्यादा का काढून घेता?