विषाणू आपोआप सौम्य होतो म्हणे!

नवी साथ आली की एक निरोप हटकून फिरतो: ‘घाबरू नका. माणूस मेला तर विषाणूही मरतो, म्हणून प्रत्येक विषाणू काळाबरोबर सौम्य होतो. उत्क्रांतीचा नियमच आहे तो.’ ऐकून धीर येतो, पण असा नियम नाही.

‘माणूस मारण्यात विषाणूचाच तोटा.’ तोटा होतो की नाही, हे माणूस कधी मरतो यावर ठरतं. नैसर्गिक निवडीत हिशेब एकच: एकापासून पुढे किती जणांना लागण झाली? कोविडची लागण प्रामुख्याने लक्षणं दिसू लागण्याच्या आसपास व्हायची आणि मृत्यू यायचा त्यानंतर कित्येक दिवसांनी. तोवर विषाणू दुसऱ्या घरात. मागे राहिलेला रुग्ण वाचला काय, गेला काय, त्याला सारखंच.

‘ऑस्ट्रेलियातले ससे बघा.’ बघूच. सशांचा उच्छाद आवरायला तिथे १९५० मध्ये मिक्सोमा विषाणू सोडला. सुरुवातीला शंभरातले नव्याण्णव ससे मरत. काही वर्षांत कमी जहाल वाण वरचढ ठरले, इथपर्यंत निरोप बरोबर. कारण मात्र डासांत आहे. सशाच्या कातडीवरच्या फोडात डास सोंड खुपसतो, तिला विषाणू चिकटतो. ससा झटपट मेला तर डासांना सवडच मिळत नाही. पण अगदी मवाळ वाणाच्या फोडात विषाणूच कमी, म्हणून तोही मागे पडला. टिकला मधला. हा ‘मधला’ प्रयोगशाळेतल्या सशांपैकी ७० ते ९५ टक्के मारत होता! पुढे रानातल्या सशांची प्रतिकारशक्ती वाढली, तसे विषाणूचे काही वाण पुन्हा जहाल झाले. हा भाग निरोपात नसतो.

‘जुने रोग माणसाळतात.’ देवी शतकानुशतकं माणसात राहिली, तरी विसाव्या शतकातही तिचा मुख्य प्रकार दहातल्या तिघांना मारत होता. ती लसीकरणाने गेली.

‘मग ओमिक्रॉन?’ तो डेल्टापासून निपजलाच नाही, वेगळ्या फांदीवरचा आहे. मुळात डेल्टा हा आधीच्या वाणांपेक्षा घातक होता, म्हणजे उतरती भाजणी तिथेच मोडली. ओमिक्रॉन डेल्टाहून काहीसा सौम्य होता, हे मान्य. पण तो आला तेव्हा बहुतेकांच्या अंगात लसीची किंवा आधीच्या लागणीची प्रतिकारशक्ती होती. हाँगकाँगमध्ये अनेक वृद्धांनी लस घेतलेली नव्हती आणि आधीची लागणही फारशी झालेली नव्हती. तिथे २०२२ च्या सुरुवातीला याच ‘सौम्य’ ओमिक्रॉनने हजारो माणसं नेली.