ज्यूक्स-एडवर्ड्सचं ते फॉरवर्ड

परत आलं ते. अमेरिकेत मॅक्स ज्यूक्स नावाचा नास्तिक होता, त्याच्या वंशात चोर, खुनी, भिकारी निपजले, आणि त्याच काळातले देवभीरू पाळक जॉनथन एडवर्ड्स, त्यांच्या वंशात पाद्री, प्रोफेसर, सिनेटर आणि एक उपराष्ट्राध्यक्ष. तात्पर्य काय, तर चांगुलपणा घराण्यातून उतरतो. खाली हात जोडलेले इमोजी.

पहिलं म्हणजे मॅक्स ज्यूक्स असा कोणी नव्हताच. ‘ज्यूक’ हे अमेरिकन अभ्यासक रिचर्ड डगडेलने १८७७च्या अभ्यासात दिलेलं बनावट नाव, तेही काही बहिणींना. ‘मॅक्स’ हा त्यातल्या दोघींचा सासरा, शिकार-मासेमारी करणारा दारुडा, नास्तिकबिस्तिक नंतर कोणीतरी चिकटवलंय. मोजलेल्या ७०९ जणांत रक्ताचे ५४०च, आणि डगडेल स्वतः परिस्थितीवर बराच भर देत होता. एडवर्ड्सशी जोडी १९०० साली विन्शिप नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने लावली.

बरं तो उपराष्ट्राध्यक्ष कोण? एरन बर, एडवर्ड्सच्या मुलीचा मुलगा. पदावर असताना १८०४ मध्ये द्वंद्वात माजी अर्थमंत्री हॅमिल्टनला गोळी घातली, १८०७ मध्ये देशद्रोहाचा खटला झाला, सुटला म्हणा. आणि आजोबांचे संस्कार म्हणाल तर एडवर्ड्स वारले तेव्हा हा जेमतेम दोन वर्षांचा, वाढवला मामाने.

रक्ताचीच गोष्ट असेल तर मागेही बघा ना. एडवर्ड्सच्या वडिलांची आई एलिझाबेथ टटल, तिच्या बाहेरख्यालीपणावरून नवऱ्याने घटस्फोट घेतला, तिच्या भावाने सख्ख्या बहिणीला कुऱ्हाडीने मारलं, दुसऱ्या बहिणीने पोटच्या मुलाला. हे ज्यूक्सच्या घरात झालं असतं तर फॉरवर्डच्या पहिल्याच ओळीत आलं असतं! १७३१ मध्ये एडवर्ड्सनी व्हीनस नावाची मुलगी गुलाम म्हणून विकत घेतली तेही कोणी टाकत नाही (त्यांचाच मुलगा पुढे गुलामगिरीविरुद्ध बोलला, तेही नाही).

पण मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. एडवर्ड्स कट्टर कॅल्विनवादी, तान्ह्या बाळापासून सगळे पापी आणि त्यातून तारण फक्त देवाच्या कृपेने, हे त्यांनी जन्मभर सांगितलं. ते पाळक होते त्या नॉर्थॅम्प्टनच्या चर्चमध्ये त्यांच्याच आजोबांनी, सॉलोमन स्टॉडर्डनी, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकरी-द्राक्षरस घ्यायचा विधी) बऱ्यापैकी मोकळं ठेवलेलं, वागणं चांगलं असलं की पुरे. एडवर्ड्स म्हणाले नाही, प्रत्येकाने स्वतःचा विश्वास स्वतः कबूल करायचा, नुसतं चांगल्या घरचं असून भागणार नाही. यावरून गाव बिथरलं आणि १७५० मध्ये मोठ्या बहुमताने यांनाच काढून टाकलं, घरात मुलं ढीगभर, नोकरी नाही, शेवटी स्टॉकब्रिजला मूळनिवासींच्या मिशनवर गेले. ज्या माणसाने यापायी पोटावर पाय ओढवून घेतला त्याच्याच नावाने तुम्ही खानदान विकताय.