तुकोजी बिन कोण?

आमच्या तात्यांना, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांना, घरातल्या बायका आयुष्यभर एकच गोष्ट सांगत आल्या: थुंकू नका. गेल्या मे महिन्यात त्याच बायका त्यांच्याभोवती गोल करून बसल्या होत्या आणि "थुंका की वो जरा" म्हणून विनवत होत्या. वयाच्या ८४व्या वर्षी मिळालेला हा मान तात्यांना सोसला नाही. त्यांचं तोंड कोरडं पडलं.

कारण होती आमची न्यू जर्सीची मनीषा. तिच्या लेकीला शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितला होता. वर्गातल्या एका पोरानं म्हणे आपला वंश १६व्या शतकापर्यंत नेला. आमचा तुकोजीपाशी थांबला. तुकोजी म्हणजे तात्यांचे पणजोबा, माझे खापरपणजोबा. त्यांच्या वर कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि म्हणूनच प्रत्येकाला नक्की माहीत होतं.

आक्काआत्याच्या मते तुकोजी पानिपतावरून आले. पानिपत १७६१ सालचं आणि तुकोजींचा जन्म फार मागं नेला तरी १८५५च्या आसपासचा, हे मी तिला कागदावर मांडून दाखवलं. आत्या म्हणाली, "चालत आले असतील." तात्यांचा तुकोजी सत्तावनच्या बंडातला घोडेस्वार, म्हणजे साधारण दोन वर्षांचा. माझे वडील सांगायचे की धात्याच्या दुष्काळात, म्हणजे १८७६ ते ७८च्या त्या मोठ्या उपासमारीत, माणदेशातून एक पोरगा भाकरी मागत आला आणि गावात राहिला. या गोष्टीत घोडा नसल्यामुळं ती कुणी पुढं चालवली नाही.

तर मनीषानं लाळेवरून वंश सांगणाऱ्या डीएनए तपासणीचे दोन डबे आणले. डब्यात प्लास्टिकची नळी. नळीवरच्या रेघेपर्यंत लाळ भरायची, फेस मोजायचा नाही, आणि आधी अर्धा तास तोंडात काही घालायचं नाही. चहा नाही, पाणी नाही, तंबाखू नाही. तात्यांनी एवढा कडक उपास आषाढीलाही केलेला नाही. पंचवीस मिनिटं झाली तरी नळीत थेंब नाही. शेवटी काकीनं युक्ती काढली आणि चिंचेचं बुटुक आणून त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. पाणी सुटलं. सगळ्यांनी श्वास रोखला. तात्यांनी हात पुढं केला, बुटुक घेतलं आणि खाल्लं.

पुन्हा अर्धा तास.

"तुझीच का नाही घेत लाळ?" असं त्यांनी मला विचारलं तेव्हा मनीषानं हिशोब सांगितला. पणजोबाचा अंश पणतवात सरासरी साडेबारा टक्के उतरतो. एक पिढी खाली आली की निम्मा. म्हणजे तात्यांच्यात साडेबारा टक्के तुकोजी आणि माझ्यात सव्वासहा. "बघ," तात्या मला म्हणाले, "मी तुझ्या डबल तुकोजी हाय," आणि त्या भरात नळी भरली. मनीषानं ती पर्समध्ये ठेवली. परत जाताना बॅगेचं वजन वाढलं म्हणून काकीचं लोणचं काढून ठेवलं. थुंकी मात्र अमेरिकेला गेली.

ती तिकडं शिजत होती तोवर कागदांचं काम माझ्याकडं आलं. मी बँकेत नोकरीला आहे, म्हणजे कागदाला भिणार नाही, असा घरच्यांचा समज. आमचा वाळवा तालुका पूर्वी सातारा जिल्ह्यात. १९४९ साली दक्षिण सातारा झाला आणि १९६० साली त्याचंच नाव सांगली पडलं. हा इतिहास मला शाळेत कुणी शिकवला नाही, कचेऱ्यांनी शिकवला. एका ठिकाणी गेलो की कागद दुसरीकडं असत आणि दुसरीकडचा माणूस जेवायला गेलेला असे. एका नोंदीत तुका, एकीत तुकोजी, तिसरीत तुकाराम. तीनही आमचेच की तीन शेजारी, हे तुका जाणे.

गर्दीही भलतीच. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि इतकी वर्षं बासनात झोपलेले रुमाल घामानं भिजू लागले. १९६७च्या आधीचा कागद मिळावा म्हणून माणसं रांगेत, आणि मोडी वाचणाऱ्याला नवरदेवाचा भाव. मोडीची गंमत अशी की आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग हात न उचलता त्या रेघेखाली अक्षरं लोंबवत न्यायची. शब्द कुठं तुटतो ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्नच नाही, त्यामुळं लिपी मला तशी आपलीच वाटली. दोन शब्द तेवढे मी शिकलो. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा आणि 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. बाईच्या नावापुढं कोम लागला की तिचा बाप कागदावरून उठला.

सहा खेपांनंतर १९१८ सालचा एक फेरफार सापडला. मानमोडीचं साल. त्या साथीत आमच्या घरातली तीन माणसं गेली, एवढं सगळ्यांना माहीत होतं. नोंद होती 'काशी कोम तुकोजी बिन' आणि त्याच्या पुढं, नेमक्या बापाच्या नावावर, शाई फुटलेली. त्यापुढच्या ओळीत तुकोजींबद्दल एक शब्द. मोडीवाल्या गृहस्थांनी भिंग लावलं, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि जाहीर केलं: "जासूद."

जासूद! म्हणजे निरोप्या, हेर! मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. आक्काआत्यानं व्हॉट्सॲपच्या ग्रुपचं नाव बदलून 'जासूद घराणं' केलं. माझा एक आतेभाऊ, ज्याच्या पोटात जेवणाचा मेनूसुद्धा राहत नाही, तो म्हणाला, गुपित राखणं आपल्या रक्तातच आहे. १९१८ साली, कलेक्टरच्या राज्यात, वाळवा तालुक्यात कुणाचा जासूद आणि कुणावर पाळत, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही. मीही नाही. खोटं कशाला बोलू, दोन दिवस ऑफिसला जाताना मलाही जरा ताठ वाटलं होतं.

आणि मग लाळेचा निकाल आला.

पहिला निष्कर्ष असा की तात्या भारतीय आहेत. हे ऐकून तात्यांनी डबा कितीला पडला ते विचारलं. दुसरा निष्कर्ष आमच्या अंगावर आला. त्याच कंपनीत आमच्या भावकीतल्या, म्हणजे वरच्या आळीतल्या, एका पोरानंही तपासणी केलेली. तो डॅलसला असतो. इकडं दीड हाताच्या बांधावरून १९६३पासून कोर्टात केस आहे, तारखेला जाऊन तात्यांच्या दोन सायकली झिजल्या. तिकडं मनीषानं त्याला सरळ फोन लावला. दोघांत रक्ताचं नातं निघालं, पण लवमात्र. तेही जपून धरायचं, कारण आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या मामाच्या पोरी केलेल्या, त्यामुळं यंत्राला लांबचाही जवळचा वाटतो. खरी मेख पुढंच होती. बापाकडून मुलाकडं जे गुणसूत्र जातं, ते जवळपास जसंच्या तसं उतरतं. एका मूळपुरुषाच्या पोरांचा गट एकच निघायला हवा. त्याचा निघाला एच. तात्यांचा एल.

म्हणजे भावकी ही भावकीच नव्हती.

घरात जी शांतता पसरली तशी मी फक्त दहावीच्या निकालाला पाहिली होती. मधे कुठंतरी बाप बदललाय, एवढं सगळ्यांना कळलं, आणि तो वरच्या आळीचाच बदललाय, यावर एका मिनिटात एकमत झालं. काकी तेवढी वेगळ्याच हिशोबात होती. भावकीतलं मयत म्हणजे दहा दिवसांचं सुतक. लग्न होऊन आल्यापासून तिनं त्यांची किती सुतकं पाळली! एका दिवाळीला डबाभर करंज्या तयार असताना वरच्या आळीचा म्हातारा गेला आणि करंज्या वाटून टाकाव्या लागल्या. दोन वर्षांमागं हौसाआत्या वारली. ती तर भावकीतली असली तरी दिल्या घरची लेक, तिचं सुतक आम्हाला लागतही नव्हतं, पण तात्यांनी हट्टानं दहा दिवस दाढी केली नाही. "समदं फुकट," काकी म्हणाली.

बाप कुणाचा बदलला ते बघायला मी फेरफाराची नक्कल घेऊन दुसऱ्या मोडीवाल्या बाईंकडं गेलो. त्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी भिंग नाही लावलं. कागद खिडकीशी धरला आणि भाजीची यादी वाचावी तसं वाचलं: काशी मयत, जमीन तिला बापाकडून आलेली, बापाला मुलगा नाही, वारस तिचा मुलगा. "आणि हा शब्द जासूद नाही हो. जावई आहे."

"जावई?"

"घरात राहिलेला दिसतोय."

घरजावई! जमीन काशीबाईची, वाडा काशीबाईचा, आणि ज्या आडनावावर आम्ही मिशीला पीळ देतो ते आडनावही तिच्या माहेरचं. भाकरी मागत आलेला माणदेशी पोरगा. वडिलांची ती बिनघोड्याची गोष्टच खरी असावी. ग्रुपचं नाव रातोरात पुन्हा 'कुटुंब' झालं. आत्यानं, डोकं दुखतंय, असा निरोप टाकला.

तात्यांना सांगायला मी मुद्दाम गावी गेलो. ते सोप्यात बसले होते. सगळं ऐकून घेतलं, आणि चिडायच्या ऐवजी हसले. म्हणाले, "म्हंजी आज्यानं हेळव्याला उगंच न्हाई दोन पायल्या जास्त जोंधळं घातलं." आमच्या भागात हेळवी बैलावर बसून यायचा आणि दारात उभा राहून घराण्याची वंशावळ म्हणायचा. तो तुकोजीपाशी अडला की आज्जा माप घेऊन आत जायचा; बाहेर येईतो हेळव्याला पुढची कडी आठवलेली असायची. पायलीभर जोंधळ्यानं जे जुळलं होतं, ते मी सहा खेपा घालून सोडवलं होतं.

मग तात्या बराच वेळ अंगणाकडं बघत बसले. कागद त्यांच्या मांडीवर तसाच होता.

"म्हंजी वरची आळी आपली भावकी न्हाई."

"नाही. काशीबाईच्या माहेरचे. मामाकडचे म्हणा."

"आन् हौसा?"

"ती पण त्यांच्यातलीच. मामाकडचीच."

"मामाची पोरगी चालती न्हवं रं आपल्यात?"

मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून काकीचा आवाज आला, "न चालायला काय झालं? मी कोण हाय मग? तुमच्या सख्ख्या मामाचीच न्हवं?"

तात्यांनी कागदाची नीट चौघडी केली आणि माझ्या हातात दिली.

"पाणी आण जरा," ते म्हणाले. "तोंड कोरडं पडलंय."