धोरण नुसतं टांगून भागत नाही

दिव्यांगांना नोकरीत समान संधी कशी देणार हे सांगणारं 'समान संधी धोरण' वेबसाइटवर टाकलं की कंपनी सुरक्षित, असं एका लेखात म्हटलंय; ते अर्धवट आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २१ नुसार त्याची प्रत दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवावीही लागते, आणि तेच राहून जातं. २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर दिव्यांगांची भरती आणि सोयी बघणारा संपर्क अधिकारी नेमायचा, त्यांच्यासाठी योग्य पदांची यादी धोरणातच द्यायची. बहुतेक धोरणं इकडून तिकडून उचललेली, यादीचा रकाना कोरा!

खरी ठिणगी पडते मुलाखतीत. लिफ्ट नसलेल्या दुसऱ्या मजल्यावर व्हीलचेअर वापरणाऱ्याला बोलवायचं आणि वर शेरा 'अनफिट'. त्यापेक्षा बोलावण्याच्या मेलमध्येच 'काही सोय लागेल का?' विचारा. नाकारलंच, तर कामाशी निगडित कारण त्याच दिवशी फाइलला लावा, तक्रार आल्यावर नव्हे.