ट्रेनरला कधी दुखत नसतं

फिटनेस इन्स्ट्रक्टर व्हायचंय? उत्तम! फक्त दुखणं घरी ठेवून यायचं. परवा माझा उजवा हात खांद्याच्या वर जाईना, म्हणून मालकांकडे दोन दिवसांची सुट्टी मागितली. ते म्हणाले, “लोकांना फिट करतोस आणि तुलाच काय धाड भरलीये?” बरोबर आहे. डॉक्टरांना तरी कुठे ताप येतो?

वॉर्मअप फक्त दुसऱ्यांकडून करून घ्यावा. आपण थंड अंगानेच डेमो द्यावा, प्रत्येक बॅचला, त्याच उजव्या पायाने. डावा गुडघा म्हातारपणासाठी राखीव.

झुंबाच्या मॅडमनी टाइल्सवर बिनधास्त उड्या माराव्यात. रबरी मॅट महाग असते, नडगी फुकट.

दुखलंच तर खेळाडू अंगावर चिकटवतात तसली निळी टेप लावा. लोकांना स्टाइल वाटते.

प्लेट्स उचलणं हा आपला कार्डिओ. मेंबर साहेब लेग प्रेसला, म्हणजे पायाने वजन ढकलायच्या मशीनला, वीस-वीस किलोच्या प्लेट्स लावतात, चार इंच ढकलतात, आरशात फोटो काढतात आणि निघतात. मागे आपण कंबरेत वाकून, पिळून त्या एकेक काढायच्या. बेंचवर आडवं पडून छातीवरून बार ढकलताना तर “सर, जरा सपोर्ट!” झेपत नाही ते वजन लावायचं, अर्ध्यात हात टाकायचे, आणि डोक्याशी वाकून उभ्या माणसाने तो बार कंबरेच्या जिवावर वर ओढायचा. एकाचा झाला की दुसरा, सकाळपासून रात्रीपर्यंत. वर “आज चेस्ट मस्त झाली!” झाली ना? तुमची छाती झाली, आमची कंबर गेली.

ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचं, नाव काढू नये. महिना 21,000 पर्यंत पगाराच्या कामगारांसाठी ती सोय असते. आपण कामगार कुठे, आपण ‘फ्रीलान्सर’! अंगठा मात्र रोज वेळेवर लावायचा आणि खाडा झाला की पैसे कट. मेडिक्लेम आहे म्हणाल, तर बहुतेक पॉलिसीत ॲडमिट झाल्याशिवाय फिजिओचा खर्च मिळत नाही. तेव्हा ॲडमिट होण्याइतकं दुखेपर्यंत थांबावं.

अहो मालक, ट्रेडमिल अडकली की त्याच दिवशी मेकॅनिक बोलावता. तिला ‘काय धाड भरलीये’ विचारता का? दिवसभर हात डोक्यावर नेऊन खांद्याचा स्नायू हाडाला जोडणारी दोरी (टेंडन) सुजते, तिला आराम लागतो, तुमचा प्रोटीन शेक नाही. एकाच माणसाच्या गळ्यात सलग तीन बॅच मारू नका. माणूस आजारी पडला तर बदली ठेवा. आणि मेंबर लोकहो, आपापल्या प्लेट्स आपण काढा! शंभर किलो मारतो म्हणून गावभर सांगता ना, मग ते जागेवर ठेवायला नोकर कशाला लागतो?