गरोदरपणातली एचआयव्ही टेस्ट: त्या फॉरवर्डला उत्तर

आपल्या नाशिकच्या फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, की सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची एचआयव्ही टेस्ट जबरदस्तीने करतात, चांगल्या घरातल्या बाईला तिची गरज नसते, पॉझिटिव्ह निघाली तर गावभर होतं आणि बाळाला तर होतोच, मग कळून उपयोग काय. प्रचंड राग आला, कारण हे वाचून एखादी पोरगी टेस्ट टाळणार.

आधी बाळाचं, कारण सगळ्यात घातक थाप तीच. काहीच उपचार नसले तरी शंभरातल्या १५ ते ४५ बाळांनाच लागण होते, सगळ्यांना नाही, आणि आईला वेळेत गोळ्या मिळाल्या तर हेच प्रमाण ५ च्या खाली येतं. २०१४ पासून आपल्याकडे गरोदर बाई पॉझिटिव्ह निघाली की रिपोर्टातले बाकी आकडे न बघता लगेच एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या, सुरू करतात, फुकट, आणि बाळंतपणानंतरही ती चालूच राहते. बाळाला जन्मल्यापासून किमान सहा आठवडे नेव्हिरापिन या लागण टाळणाऱ्या औषधाचं सिरप देतात, मग सहाव्या आठवड्यात टाचेला टोचून रक्ताचे थेंब जाड कागदाच्या कार्डावर घेतात, ते वाळवून लॅबला पाठवतात, आणि शेवटचा निकाल १८ महिन्यांनी. नुसत्या एचआयव्हीसाठी सिझर करायची गरज नसते, आणि आई गोळ्या घेत असेल तर अंगावरचं दूधही पाजता येतं.

"चांगल्या घरातली" हे तर डोक्यातच जातं. नवऱ्याशिवाय कोणाशी संबंध नसलेल्या बाईलाही नवऱ्याकडून होऊ शकतो, आणि वर्षानुवर्षं काही त्रास होत नाही म्हणून दोघांनाही पत्ता नसतो. म्हणूनच हिमोग्लोबिन, शुगरबरोबर ही टेस्ट सगळ्यांचीच करतात, कोणावर संशय म्हणून नाही. नवऱ्यानेही करावी, यात कमीपणा कसला?

जबरदस्तीचं म्हणाल तर २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्यात माहिती देऊन संमती घेतल्याशिवाय टेस्ट करता येत नाही, बाई नाही म्हणू शकते. पण काही ठिकाणी गर्दीत सही घेतात आणि कशाची टेस्ट ते नीट सांगत नाहीत हेही खरंय, त्यावर जरूर बोला, पण त्यासाठी टेस्टच नको म्हणणं चुकीचं. गुप्ततेचंही त्याच कायद्यात आहे, ठरावीक अपवाद सोडले तर तिच्या संमतीशिवाय रिपोर्ट सासूला, शेजाऱ्याला, मालकाला सांगता येत नाही.

खरी अडचण त्या मेसेजात नाहीच. सुरगाणा, पेठकडच्या बायका मजुरीला दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत येतात, नाव एका ठिकाणी, बाळंतपण दुसरीकडे, आणि टेस्ट मधल्यामधे राहून जाते. उपकेंद्रात बोट टोचूनही ती होते, दोन रेघा आल्या तरी तो शेवटचा निकाल नसतो, आयसीटीसीला, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात, वेगळ्या किटांनी पुन्हा बघतात, तेही फुकट. काही विचारायचं असेल तर १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनला फोन करा. माता-बाल कार्ड सोबत ठेवा आणि आशाताईंना स्वतःहून विचारा. आणि कोणी कळा सुरू झाल्यावरच दवाखान्यात पोचली तरी तिथे टेस्ट करून घ्या, पॉझिटिव्ह निघाली तर तेव्हाही आईला गोळ्या आणि बाळाला सिरप सुरू करता येतं.